डोके ज्याचे, निर्णय त्याचा : जपानमधील केसांचे नियम आणि आपला इतिहास

2023च्या फेब्रुवारी महिन्याच्या अखेरीस ह्योगो प्रांतातील हिमेजी शहरात एका प्रांतिक उच्च माध्यमिक विद्यालयाचा निरोप समारंभ झाला. उत्तीर्ण विद्यार्थ्यांपैकी एकाचे वडील कृष्णवर्णीय अमेरिकन. या मुलाने समारंभासाठी आपले दाट कुरळे केस नीटनेटके दिसावेत म्हणून डोक्याला लागून घातलेल्या बारीक वेण्यांत बांधून घेतले होते. वडिलांच्या समाजात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या या वेण्यांना ‘कॉर्नरो’ म्हणतात. शाळेला ती केशरचना नियमाबाहेरची वाटली. त्या मुलाला सहाध्यायींच्या रांगेत स्थान मिळाले नाही. सभागृहाच्या वरच्या मजल्यावर त्याला एकट्याला बसवण्यात आले.

आंबेडकरी घरात वाढलेला वाचक ही बातमी वाचताना ‘वेगळे बसवले’ या शब्दांपाशी थांबतो. वर्गाच्या कोपऱ्यात स्वतःच्या गोणपाटावर बसणारा साताऱ्याचा भीवा त्याला आठवतो. दोन्ही घटना एकच आहेत, असे आमचे म्हणणे नाही. अस्पृश्यता ही धर्माने पवित्र ठरवलेली आणि जन्मभर न सुटणारी व्यवस्था होती. जपानी शाळेचा नियम हा शिस्तीच्या नावाने केलेला नियम आहे. तरीही दोन्हींच्या मुळाशी एक समान प्रश्न आहे : माणसाच्या डोक्यावर सत्ता कोणाची? जपानमध्ये राहणाऱ्या आपल्या कुटुंबांनी या प्रश्नाचा इतिहास जाणून घ्यावा, यासाठी हा लेखनप्रपंच.

साताऱ्यातील बहिणीचा हात

‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मपर टिपणात बाबासाहेबांनी बालपणाची एक साधी आठवण नोंदवली आहे. साताऱ्यात न्हाव्यांची वाण नव्हती आणि हजामतीचे पैसे देण्याची त्यांच्या घरची ऐपतही होती. तरीही घरातील मुलांचे केस मोठी बहीण कापत असे आणि सरावाने ती त्यात तरबेज झाली होती. कारण एकच : अस्पृश्याच्या डोक्याला हात लावण्यास कोणताही न्हावी तयार नव्हता.

या आठवणीत जातिव्यवस्थेचे सारे यंत्र दिसते. गावगाड्यात न्हावी आणि महार हे दोघेही बलुतेदार. दोघेही गावाची सेवा करून वर्षाच्या धान्यावर जगणारे, आणि वरच्या जातींच्या दृष्टीने दोघेही हलके. परंतु न्हाव्याच्या खालीही एक पायरी ठेवलेली होती आणि त्या पायरीचा अभिमान त्याच्या हातातील वस्तऱ्याला शिकवलेला होता. बाबासाहेबांनी जिला श्रेणीबद्ध विषमता म्हटले ती हीच. पिळला गेलेला माणूस आपल्याहून खालच्याला नाकारण्यात समाधान मानतो आणि त्यामुळे व्यवस्था टिकून राहते.

याच नाभिक समाजाने दुसरी बाजूही दाखवली, हे विसरता कामा नये. 1890 मध्ये सत्यशोधक नेते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतील नाभिकांनी ब्राह्मण विधवांचे केशवपन करण्यास नकार दिला. अस्पृश्याच्या डोक्याला हात न लावणारा नकार आणि विधवेच्या डोक्यावर वस्तरा न चालवणारा नकार हे दोन्ही एकाच व्यवसायातून आले. पहिल्याने माणूस दूर लोटला गेला, दुसऱ्याने माणसाची विटंबना थांबवण्याचा प्रयत्न झाला.

जपानी डोक्यावरचे कायदे

केसांवर राज्याने सत्ता गाजवण्याची परंपरा जपानलाही नवी नाही. तोकुगावा काळात पुरुषाच्या डोक्याचा पुढचा भाग तासून मागे बांधलेली शेंडीवजा गाठ ही त्याच्या दर्जाची खूण होती. मेइजी सरकारने 1871 मध्ये ही गाठ काढून टाकण्याची आणि सामुराईंना तलवार न बाळगण्याची मोकळीक देणारा हुकूम काढला. 1873 मध्ये स्वतः सम्राटाने केस कापले आणि आखूड केस हे ‘सुधारलेपणाचे’ चिन्ह बनले.

परंतु ही मोकळीक पुरुषांपुरती होती. काही स्त्रियांनीही केस आखूड केले तेव्हा 1872 मध्ये तोक्यो प्रशासनाने त्यावर बंदी घातली, आणि विनाकारण केस कापणारी स्त्री दंडास पात्र ठरली. पुरुषाने केस कापले तर प्रगती, स्त्रीने कापले तर गुन्हा. आपल्याकडे त्याच शतकात विधवेने केस राखले तर पाप ठरत होते. नियम उलटे होते, पण स्त्रीचे डोके तिच्या मालकीचे नाही हा सिद्धान्त दोन्हीकडे एकच होता.

त्याच काळातील एक निराळी खूण क्योतो येथील हिगाशी होंगान्‌जी विहारात पाहता येते. 1864च्या आगीत जळालेल्या या विहाराची पुनर्बांधणी 1880 मध्ये सुरू झाली आणि 1895 मध्ये पूर्ण झाली. प्रचंड तुळया ओढण्यासाठी मजबूत दोरखंड हवे होते. तेव्हा देशभरातील उपासिकांनी स्वतःचे केस कापून दिले. ते तागात वळून 53 दोरखंड तयार झाले. तेथे आज जतन करून ठेवलेला दोरखंड 69 मीटर लांब आणि 375 किलो वजनाचा आहे. त्यांतील बहुसंख्य स्त्रियांची नावे इतिहासात नाहीत. मात्र ज्या दशकांत राज्य स्त्रीच्या केसांवर नियम लादत होते, त्याच दशकांत या स्त्रियांनी स्वतःच्या इच्छेने केस दिले. आपल्यापैकी जे क्योतोला जातात त्यांनी हा दोरखंड अवश्य पाहावा.

कुरळा केस आणि जपानी नजर

आफ्रिकी वंशाच्या माणसाकडे जपानी समाजाने कुतूहलाने पाहिल्याची जुनी नोंद 1581ची आहे. जेझुइट धर्मगुरूंबरोबर आलेल्या यासुके नावाच्या आफ्रिकी माणसाला पाहण्यासाठी क्योतोत गर्दी उसळली. त्याच्या त्वचेचा रंग खरा आहे यावर ओदा नोबुनागाचा विश्वास बसेना, म्हणून त्याने त्याचे अंग धुवून पाहायला लावले. पुढे नोबुनागाने त्याला आपल्या सेवेत मानाने ठेवले; पण पहिली भेट परीक्षेची होती.

याहून विलक्षण गोष्ट युरोपीय प्रवाशांची. डच कंपनीचा वैद्य एंगेलबर्ट केम्फर 1690 ते 1692 या काळात नागासाकीजवळच्या देजिमा बेटावर राहिला. त्याचा जपानविषयीचा ग्रंथ 1727 मध्ये लंडनला प्रसिद्ध झाला. बुद्धमूर्तींच्या डोक्यावरील आखूड, घट्ट कुरळे केस पाहून त्याने तर्क केला की बुद्ध मूळचा इजिप्तकडचा, आफ्रिकी असावा. हा निष्कर्ष अर्थातच चुकीचा होता. तथागत शाक्य कुळातील, लुंबिनीत जन्मलेले. पण केम्फरने जे डोळ्यांनी पाहिले ते खोटे नव्हते. नारा येथील महाबुद्ध असो की कामाकुरा येथील अमिताभ, त्यांच्या मस्तकावर शंखासारख्या वळणाचे शेकडो कुरळ आहेत. जपानी भाषेत त्यांना ‘राहोत्सु’ म्हणतात. ज्या देशात कोट्यवधी माणसे कुरळ्या केसांच्या मूर्तीपुढे हात जोडतात, त्याच देशात कुरळ्या केसांच्या मुलाला ‘नीट केस करून ये’ असे सांगितले जाते.

दुसऱ्या महायुद्धानंतर हा प्रश्न घराघरांत आला. अमेरिकी ताब्याच्या काळात कृष्णवर्णीय सैनिक मोठ्या संख्येने जपानमध्ये आले. त्या सैन्यातही रंगभेद होता. ओकिनावातील कोझा येथे तेरुया ही कृष्णवर्णीय सैनिकांची वेगळी वस्ती बनली होती. जपानी मातांपासून झालेली आणि टाकून दिलेली मिश्रवंशीय मुले सांभाळण्यासाठी सावादा मिकी यांनी 1948 मध्ये ओइसो येथे एलिझाबेथ सॉन्डर्स होम स्थापन केले. पुढे 2015 मध्ये सासेबो येथे जन्मलेल्या आरियाना मियामोतो ‘मिस युनिव्हर्स जपान’ झाल्या. त्यांचे वडील आफ्रिकी-अमेरिकी. त्या पुरेशा जपानी दिसत नाहीत अशी टीका तेव्हाही झाली.

केसांचे शास्त्र आणि घरची शाळा

आफ्रिकी वंशाचा केस ‘अव्यवस्थित’ दिसतो, ही समजूत शरीरशास्त्राच्या अज्ञानातून येते. पूर्व आशियाई केस सामान्यतः जाड, सरळ आणि छेदात जवळजवळ गोल असतो. आफ्रिकी केसाचे मूळ वक्र असते आणि केसाचा छेद लांबट, चपटा असतो. त्यामुळे तो उगवतानाच वळतो. टाळूवर पाझरणारे तेल सरळ केसावरून टोकापर्यंत उतरते, पण वळणावळणाच्या केसावरून ते पुढे सरकत नाही. म्हणून हा केस लवकर कोरडा पडतो आणि प्रत्येक वळणाशी तुटण्याचा संभव असतो.

त्याची निगाही म्हणून वेगळी. रोज शाम्पू लावणे त्याला मानवत नाही. साधारण आठवड्या-दोन आठवड्यांनी धुणे पुरते. कोरड्या केसात फणी घालायची नाही. आधी ओलावा आणि मऊपणा देणारे क्रीम लावायचे, मग बोटांनी किंवा रुंद दातांच्या फणीने टोकाकडून मुळाकडे गुंता सोडवत जायचे, आणि शेवटी तेलाने ओलावा राखायचा. या कामी आपले खोबरेलही अनेक कृष्णवर्णीय घरांत वापरले जाते. रात्री सुती उशी ओलावा शोषते, म्हणून डोक्याला सॅटिनचे फडके बांधतात. बारीक वेण्या घातल्या की केस रोजच्या ओढाताणीतून वाचतात. हिमेजीच्या मुलाच्या वेण्या म्हणजे निव्वळ नखरा नव्हे, ती केस जपण्याची रीत आहे.

‘वीव्ह’ नावाची दुसरी रीत म्हणजे आपल्या जुन्या गंगावनाची विस्तारित आवृत्ती. प्रथम स्वतःच्या केसांच्या डोक्याला चिकटून वेण्या घालतात. मग पट्टीवर शिवलेले केस वाकड्या सुईने त्या वेण्यांवर टाचतात. ही पद्धत 1950च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेतील क्लीव्हलंड येथील क्रिस्टिना जेंकिन्स या कृष्णवर्णीय स्त्रीने विकसित केली आणि तिचे पेटंट घेतले. वीव्ह खाली टाळू झाकली जाते, म्हणून निगा अधिक लागते. पातळ केलेला शाम्पू बारीक तोंडाच्या बाटलीने वेण्यांच्या मधल्या रेषांत सोडून टाळू धुवायची आणि नंतर ती आतपर्यंत पूर्ण वाळवायची. जपानच्या त्सुयूच्या, म्हणजे जूनमधील पावसाळी, दमट दिवसांत आत ओल राहिली तर वास आणि खाज सुटते. साधारण सहा ते आठ आठवड्यांनी वीव्ह उतरवून केसांना विश्रांती द्यावी लागते. वेण्या फार आवळल्या तर कपाळाजवळचे केस मुळापासून सुटतात आणि कधी कधी परत येत नाहीत.

जपानमधील बहुतेक केशकर्तनालयांना हे काम येत नाही. अमेरिकी तळांच्या आसपास आणि तोक्योसारख्या शहरांत काही जाणकार कारागीर आहेत. बाकी ठिकाणी आईवडीलच शिकतात. आमच्या परिचयातील एका नायजेरियन घरात रविवारची दुपार या कामासाठी राखलेली असते. आई खुर्चीवर, मुलगी जमिनीवर तिच्या गुडघ्यांमध्ये, आणि तीन-चार तास गप्पा. ते दृश्य पाहताना आम्हांला साताऱ्यातील ती बहीण आठवली. बाहेरच्या कारागिराचा हात मिळत नाही तेव्हा घरातील हात शिकतो. फरक इतकाच, की येथील कारागिराला बहुधा येत नाही म्हणून तो नकार देतो; साताऱ्यातील कारागिराला येत होते, तरी तो नकार देत होता.

जोडलेले केस कोणाचे?

गंगावनाचा इतिहासही निर्मळ नाही. ‘गेंजी मोनोगातारी’त निर्धन झालेली राजकन्या सुएत्सुमुहाना निघून जाणाऱ्या सखीला भेट म्हणून स्वतःच्या गळालेल्या केसांचे, नऊ शाकूंहून लांब गंगावन देते. तीच वस्तू आकुतागावाच्या 1915च्या ‘राशोमोन’ कथेत भयाण रूप घेते. तेथे एक म्हातारी पोटासाठी प्रेतांचे केस उपटते. केस एका डोक्यावरून दुसऱ्या डोक्यावर जातात तेव्हा बहुधा ते गरिबाकडून श्रीमंताकडे जातात. आज जगभर विकल्या जाणाऱ्या मानवी केसांचा मोठा भाग भारतातून येतो. तिरुमला येथे भाविकांनी अर्पण केलेल्या केसांचा लिलाव होतो आणि पैसा देवस्थानाला मिळतो. केस देणाऱ्या स्त्रीला नाही. विणलेल्या केसांत कोणाचे श्रम आणि कोणाची श्रद्धा गुंतलेली आहे, हे विचारण्याचा अधिकार आपल्याला आहे. तो प्रश्न मात्र व्यापाराला विचारावा, ते केस लावणाऱ्या स्त्रीला नव्हे.

कापणे की राखणे

आपल्या चळवळीने केस कापण्याचे आवाहनही केले आहे. 1936च्या जूनमध्ये मुंबईत परळच्या दामोदर हॉलमध्ये देवदासी, जोगतिणी, पोतराज यांच्या सभेत बाबासाहेबांनी ते अपमानित जिणे सोडण्यास सांगितले. पुढील काळात अनेक पोतराजांनी वाढवलेले केस उतरवले. आजही अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते गुंता होऊन ‘जट’ आलेल्या स्त्रियांची समजूत घालून ती कापून देतात. कारण जट म्हणजे यल्लम्माचे बोलावणे, ही भीती घालून कित्येक मुली देवाला सोडल्या गेल्या.

मग केस राखणाऱ्या कृष्णवर्णीय तरुणाच्या बाजूने उभे राहणे आणि जट कापणाऱ्या कार्यकर्त्याच्या बाजूने उभे राहणे यांत विसंगती आहे काय? आमच्या मते नाही. जट भीतीने लादलेली असते. तिच्या वजनाने मान दुखते आणि तरी ती काढण्याची परवानगी नसते. कृष्णवर्णीय तरुणाच्या बटा किंवा वेण्या ही धुतलेली, सांभाळलेली आणि स्वतः निवडलेली केशरचना असते. भिक्षुणी स्वेच्छेने मुंडन करते. विधवेचे मुंडन तिच्यावर लादले जात असे. कात्री तीच, केस तेच. भेद निर्णयाचा आहे.

धम्माच्या इतिहासात या विचाराला सुंदर आधार आहे. उपाली हा शाक्यांचा न्हावी. शाक्य कुमार प्रव्रज्या घेण्यास निघाले तेव्हा त्यांनी तथागतांना विनंती केली की उपालीला आधी दीक्षा द्यावी, म्हणजे त्याला वंदन करताना आपला कुलाभिमान गळून पडेल. तोच उपाली पुढे विनयाचा सर्वश्रेष्ठ जाणकार झाला. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात ही कथा आवर्जून घेतली. संघाचे नियम ज्याला सर्वाधिक ठाऊक होते तो एक न्हावी होता, आणि त्या संघात उच्चकुलीनाने त्याच्यापुढे वाकायचे होते.

आपले काम

जपानी शाळांतील परिस्थिती बदलते आहे, पण हळूहळू. ओसाका प्रांतातील एका मुलीला जन्मजात तपकिरी केस वारंवार काळे करण्यास शाळेने सांगितल्याची तिची तक्रार होती. 2017 मध्ये तिने दावा केला. 2021 मध्ये न्यायालयाने तिला 3,30,000 येन भरपाई दिली. परंतु ती वर्गातून तिचे बाक आणि पटावरून तिचे नाव काढल्याबद्दल होती. केस रंगवण्यावरील नियम मात्र न्यायालयाने वैध ठरवला. एप्रिल 2022 पासून तोक्योच्या महानगरीय विद्यालयांनी सरसकट काळ्या केसांची सक्ती रद्द केली. त्याच वर्षी शिक्षण मंत्रालयाने सुधारलेल्या मार्गदर्शिकेत शाळांनी नियम जाहीर करावेत आणि त्यांच्या फेरविचारात विद्यार्थ्यांना सहभागी करावे, असे सुचवले आहे.

पालक म्हणून आपण ही मार्गदर्शिका वापरली पाहिजे. प्रवेश घेतानाच नियमपुस्तिका मागून वाचावी. एखादा नियम आपल्या किंवा दुसऱ्याच्या मुलाच्या जन्मजात केसांवर अन्याय करत असेल तर पालकसभेत शांतपणे, लेखी प्रश्न विचारावा. दुसऱ्याच्या मुलासाठी विचारलेला प्रश्न अधिक मोलाचा, कारण त्यात स्वार्थ नसतो. 1946 मध्ये बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉईस यांना पत्र लिहून कृष्णवर्णीयांच्या लढ्याशी नाते जोडले. ते नाते आपण केवळ जयंतीच्या भाषणात सांगायचे काय?

शेवटी आपल्या घराकडे वळू. मागे एका स्नेहसंमेलनात आपल्यातीलच एका मोठ्या माणसाने कुरळ्या केसांच्या लहान मुलीला हसत हसत म्हटले, “अगं, हे सरळ करून घे, माणसात दिसशील.” सारे हसले, मुलगी हसली नाही. आम्हीही त्या वेळी गप्प राहिलो, याची खंत वाटते. ज्यांच्या डोक्याला कोणी हात लावत नव्हते त्यांची आपण लेकरे. त्या मुलीच्या डोक्याकडे आपण वरच्या पायरीवरून पाहिले, तर साताऱ्यातील न्हाव्याने जे केले तेच आपण केले. पुढच्या वेळी असे कोणी बोलले तर गप्प न राहणे, एवढे तरी आपण ठरवू या.

जय भीम! नमो बुद्धाय!